बडोद्यात मर्केल सेल कार्सिनोमाचे मार्कर तपासून घेताना : कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

बडोद्यात अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत कुठल्याही पॅथॉलॉजीच्या खिडकीवर ‘ट्यूमर मार्कर करायचे आहेत’ असं म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा रक्ताच्या पॅकेजचा कागद पुढे करतो. सीईए, सीए १२५, सीए १९-९, एएफपी, पीएसए, एका नळीत सगळं आणि उद्या सकाळी मोबाइलवर रिपोर्ट. मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुर्मीळ कॅन्सरसाठी या कागदाचा काहीही उपयोग नाही. या आजाराचं निदान ठरवणारे मार्कर, म्हणजे पेशी कोणत्या जातीची ते सांगणारी प्रथिनं, रक्तात सापडत नाहीत, ते गाठीच्या तुकड्यात असतात. म्हणून या परीक्षणात तीन सेवा वेगवेगळ्या तोलल्या आहेत: इथल्या लॅबमध्ये तुकड्यावर होणारं आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी लावून आणि रंगवून मार्कर शोधणं), ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, अहमदाबाद किंवा मुंबईला नेऊन घेतलेला फेरतपास, आणि रक्ताच्या चाचण्या. पहिली चांगली आहे, पण आपण जागं राहून करून घ्यावी लागते. दुसरी या आजारात जवळजवळ अनिवार्य आहे. तिसरीतलं बहुतेक टाळावं.

आधी आजाराची ओळख, थोडक्यात. १९७२ मध्ये सिरिल टोकर यांनी याचं पहिलं वर्णन केलं. २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेला या गाठींमध्ये एक नवा विषाणू सापडला, मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस. युरोप-अमेरिकेतल्या साधारण ८० टक्के गाठींमध्ये तो असतो, उरलेल्या गाठी मुख्यतः उन्हाने झालेल्या जनुकीय बिघाडातून उगवतात. गाठ दुखत नाही. लालसर किंवा जांभळट, घट्ट, चेहऱ्यावर, पापणीवर, हातावर, आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी. पन्नाशीपुढची माणसं, मूत्रपिंड बदललेले रुग्ण आणि सीएलएलसारखा रक्ताचा आजार असलेले यांच्यात धोका जास्त. आपल्याकडे तिला ‘चरबीची गाठ’ समजून छोट्या दवाखान्यात काढतात आणि कित्येकदा तुकडा टाकून देतात. सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी दिसली तरी, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेली पाहिजे. टाकून दिलेल्या तुकड्यावर कुठलाच मार्कर लागत नाही.

लॅबच्या आधीचा भाग

आयएचसीचा रिपोर्ट बिघडतो तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो, बरणीचा असतो. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण लॅबला या भागावर काही करता येत नाही आणि पैसे मात्र पूर्ण लागतात.

मर्केलची गाठ त्वचेच्या आतल्या थरात आणि खालच्या चरबीत बसते, वरचा थर बऱ्याचदा कोरा असतो. म्हणून वरवर खरवडून घेतलेला तुकडा चालत नाही. ४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याने घेतलेला तुकडा, चरबीपर्यंत जायला हवा, किंवा लहान छेद घेऊन तुकडा काढावा. चिमट्याने दाबून धरला तर या नाजूक पेशी चुरगळून निळ्या रेघा होतात आणि त्यावर कुठलाही मार्कर वाचता येत नाही. सर्जनने तुकडा कडेच्या कातडीला धरून उचलायचा, गाठीला धरून नाही.

बरणीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हवं, तुकड्याच्या दहापट. सलाइन नको, स्पिरिट नको, वर्ष-दोन वर्षं कपाटात पडलेलं साधं फॉर्मॅलिनही नको. ते आम्ल होतं आणि तुकड्यात काळपट रंगद्रव्य उतरवतं. तुकडा किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा. कमी वेळ ठेवला तर मधला भाग कच्चा राहतो आणि पुढच्या अल्कोहोलमध्ये वेडावाकडा पक्का होतो. खूप वेळ ठेवला तर फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत इतकं जखडतं की अँटिबॉडीला तिची जागा सापडत नाही आणि ‘निगेटिव्ह’ म्हणून खोटं उत्तर येतं. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा सोमवारी संध्याकाळी उघडला जातो, तेवढं चालतं. पण उत्तरायणाच्या सुट्टीत किंवा दिवाळीत बरणी पाच-सहा दिवस तशीच राहते, ते चालत नाही. डॉक्टरांकडे शक्य असेल तर बायोप्सीचा दिवस सुट्ट्या पाहून ठरवा.

बरणीवर आणि फॉर्मवर तीन गोष्टी हव्यात: गाठीची नेमकी जागा डावी-उजवीसकट, फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची तारीख-वेळ, आणि संशय. ‘त्वचेची गाठ’ एवढंच लिहून आलेल्या नमुन्याला लॅब साधा एच अँड ई, म्हणजे नेहमीचा निळा-गुलाबी रंग, करते आणि ‘छोट्या निळ्या पेशींची गाठ, आयएचसी सुचवतो’ लिहून मोकळी होते. त्यात पाच दिवस जातात. ‘झपाट्याने वाढणारी, न दुखणारी गाठ, मर्केल वगळा’ असं फॉर्मवर असलं तर चांगला पॅथॉलॉजिस्ट ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच दहा-पंधरा जास्तीचे काप न रंगवता ठेवून देतो. ४ मिलिमीटरच्या पंचमध्ये ही बचत फार मोलाची आहे, कारण ब्लॉक मशीनवर दुसऱ्यांदा लावला की पृष्ठभाग सपाट करण्यातच बरीच गाठ खरवडून जाते.

इथलं आयएचसी पॅनेल

आता मुख्य सेवा. बडोद्यात आयएचसी होतं, आणि बऱ्याच लॅबमध्ये यंत्रावर होतं, हाताने नाही. ३ ते ४ मायक्रॉनचा काप चिकट लेप असलेल्या काचेवर घेतात, उष्णतेने प्रथिनं पुन्हा ‘उघडतात’, मग अँटिबॉडी, मग तपकिरी रंग. दर मार्करप्रमाणे लागतो, म्हणून आठ मार्कर मागितले तर आठपट बिल. इथेच ग्राहकाने डोळे उघडे ठेवायचे.

पॅनेल दोन टप्प्यांत मागावं. पहिल्यात सीके२०, पॅन-सायटोकेराटिन, टीटीएफ-१, सिनॅप्टोफायसिन किंवा क्रोमोग्रॅनिन, एलसीए आणि सॉक्स१०. एवढ्यावर बहुतेक केस सुटते. छोट्या निळ्या पेशी त्वचेत दिसल्या की पॅथॉलॉजिस्टपुढे चार उमेदवार असतात: मर्केल, फुप्फुसातून आलेला स्मॉल सेल कार्सिनोमा, लिंफोमा (लिंफच्या पेशींचा कॅन्सर) आणि छोट्या पेशींचा मेलानोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर). एलसीए लिंफोमाकडे बोट दाखवतो, सॉक्स१० मेलानोमाकडे, टीटीएफ-१ फुप्फुसाकडे. मर्केलमध्ये हे तिन्ही निगेटिव्ह आणि सीके२० पॉझिटिव्ह, असा ठरलेला साचा.

पण सीके२० नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पुरत नाही. मर्केलमध्ये तो केंद्रकाच्या शेजारी एका ठिपक्यासारखा उमटतो, जणू पेशीच्या कोपऱ्यात तपकिरी कुंकवाचा टिळा. दहापैकी साधारण नऊ गाठींमध्ये सीके२० असतो आणि ठिपका ही त्याची सही आहे. रिपोर्टात ‘सीके२० : पॉझिटिव्ह’ एवढंच असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे, पॅटर्न लिहून मागा. हे मागणं उद्धटपणाचं नाही. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला ते आवडतं.

उरलेल्या दहाव्या गाठीत सीके२० निगेटिव्ह येतो आणि मग घोळ सुरू होतो. अशा वेळी दुसरा टप्पा: न्यूरोफिलामेंट, एसएटीबी२, आयएनएसएम१, सीके७, आणि विषाणूच्या लार्ज टी अँटिजेनवरची सीएम२बी४ अँटिबॉडी. न्यूरोफिलामेंटचाही ठिपकाच दिसतो आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेलमध्ये तो सहसा नसतो, म्हणून सीके२० निगेटिव्ह असताना सगळ्यात कामाचा मार्कर हाच. सीएम२बी४ सगळीकडे मिळत नाही. पॉझिटिव्ह आला तर निदान जवळजवळ पक्कं, निगेटिव्ह आला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण विषाणूशिवायच्या मर्केल गाठीही असतात.

टीटीएफ-१ बद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. या अँटिबॉडीचे दोन क्लोन, म्हणजे वाण, बाजारात जास्त वापरले जातात. एसपीटी२४ जास्त संवेदनशील आहे आणि क्वचित, फिकट का होईना, जिथे नको तिथेही रंग देतो. ८जी७जी३/१ त्यामानाने काटेकोर. मर्केलच्या संशयात टीटीएफ-१ फिकट पॉझिटिव्ह आला तर आधी कोणता क्लोन होता ते विचारा. रिपोर्टात क्लोनचं नाव छापणारी लॅब ही विश्वासाची पहिली खूण. छातीचा सीटी मात्र मार्कर काहीही सांगोत, करावाच लागतो. फुप्फुसातल्या गाठीची शंका काचेवरून पूर्ण फिटत नाही.

जिथे चूक होते

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कंट्रोल नसणं. टीटीएफ-१ निगेटिव्ह आला म्हणजे गाठीत टीटीएफ-१ नाही, की त्या दिवशी अँटिबॉडीच चालली नाही? उत्तर कळायला त्याच काचेवर थायरॉइड किंवा फुप्फुसाचा तुकडा बसवलेला असावा. सीके२० साठी आतड्याचा. काही लॅब कंट्रोल वेगळ्या काचेवर, दिवसातून एकदाच लावतात. त्यात रुग्णाच्या काचेवर थेंब पडला नाही तर कुणाला कळत नाही. सीके२० ला एक नैसर्गिक कंट्रोलही असतो: त्वचेच्या वरच्या थरात आणि केसाच्या मुळाशी असलेल्या नेहमीच्या मर्केल पेशी. त्या तपकिरी उमटल्या असतील तर रंग चालला, एवढं नक्की.

दुसरी चूक आपल्या रंगाची. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं, मेलॅनिनही तपकिरी आणि आयएचसीचा नेहमीचा रंगही तपकिरी. रंगद्रव्य गिळलेल्या पेशी सॉक्स१० किंवा दुसऱ्या एखाद्या मार्करला पॉझिटिव्ह वाटू शकतात. उपाय साधा आहे: लाल रंगद्रव्य वापरून तोच मार्कर पुन्हा करणं. ते मागायला लाजू नये, आणि लॅबने त्याचे पैसे दुसऱ्यांदा लावू नयेत असं आमचं मत.

तिसरा सापळा अनुभवी माणसालाही पकडतो. मर्केलच्या गाठी पॅक्स५ आणि टीडीटी हे मार्कर पॉझिटिव्ह दाखवू शकतात, आणि हे दोन्ही लिंफोब्लास्टिक लिंफोमाचे ओळखीचे मार्कर. लिंफोब्लास्टिक लिंफोमात एलसीए कधीकधी निगेटिव्हही येतो. म्हणजे सायटोकेराटिन न करता फक्त लिंफोमाचं पॅनेल लावलं तर मर्केलचा रुग्ण सरळ ल्युकेमियाच्या औषधांवर जाऊ शकतो. म्हणून लिंफोमा पॅनेल आधी, मग बघू, हा क्रम स्वस्त दिसला तरी चुकीचा आहे. सीएलएल असलेल्या आजोबांच्या गाठीत तर दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच काचेवर असू शकतात. तिथे एलसीए पॉझिटिव्ह दिसला म्हणून थांबायचं नाही, कोणत्या पेशी पॉझिटिव्ह आहेत ते बघायचं.

कधी त्वचेवर काहीच नसतं आणि गाठ थेट जांघेत किंवा काखेत येते. मूळ जागा न सापडणारा मर्केल असतो, आणि तिथेही याच मार्करांनी निदान होतं. अशा वेळी फक्त सुईने काढलेल्या पेशींवर, म्हणजे एफएनएसीवर, समाधान मानू नये. सेल ब्लॉक (त्याच पेशी मेणात बसवून) किंवा कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला तुकडा) मागा.

गुण द्यायचे तर इथल्या आयएचसीला पाचपैकी साडेतीन. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या लॅबमध्ये एक अर्धा वाढवून देऊ, पण मान्यतेचा शिक्का पाहताना इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते तपासा. रक्तातली साखर मान्यताप्राप्त आणि आयएचसी यादीबाहेर, असं असू शकतं. बहुतेक ठिकाणी तीन-चार कामाच्या दिवसांत रिपोर्ट येतो. दुसरा टप्पा लागला तर आणखी तेवढेच.

ब्लॉकचा फेरतपास

मर्केल ही अशी गाठ आहे की मोठ्या शहरातल्या पॅथॉलॉजिस्टनेही वर्षात मोजक्याच पाहिलेल्या असतात. म्हणून पहिला रिपोर्ट कितीही स्वच्छ असला तरी शस्त्रक्रियेआधी ब्लॉक दुसऱ्या डोळ्यांखाली जावा. बडोद्याहून दोन स्वाभाविक जागा आहेत: अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिलच्या आवारातलं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि परळचं टाटा मेमोरियल, रेल्वेने चारशेच्या आसपास. दोन्हीकडे बाहेरच्या काचा आणि ब्लॉक तपासून मत देतात. मुलगा किंवा जावई सकाळच्या गाडीने अहमदाबादला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो.

काय न्यायचं? ब्लॉक स्वतः, फक्त काचा नाहीत. कापलेल्या काचा हवेत राहिल्या की काही मार्कर फिके पडत जातात, आणि मोठं केंद्र आपल्याच अँटिबॉडीने पुन्हा रंगवणं पसंत करतं. त्याच्याबरोबर सगळ्या रंगवलेल्या काचा, आयएचसीच्यासुद्धा, मूळ रिपोर्टाची प्रत, सर्जनची चिठ्ठी, सीटी झाला असेल तर त्याचा रिपोर्ट. लॅब ब्लॉक देताना सही घेते आणि नंबर लिहून देते. तो नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. अनेक तुकडे असतील तर ए१, ए२ असे ब्लॉक असतात. गाठ कोणत्यात आहे ते विचारून तोच घ्या. रिकाम्या कातडीचा ब्लॉक घेऊन मुंबई गाठण्यात काय हशील?

उन्हाळ्यात एक काळजी जास्त. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग त्याहून खूप तापतो. ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक वाकतो, तुकडा हलतो, आणि मग त्याला नव्याने मेणात बसवावं लागतं. छोट्या डबीत कापूस घालून पिशवीत, माणसाबरोबर, एवढीच युक्ती. बर्फाची गरज नाही. कुरिअरने पाठवायचाच असेल तर काचा आणि ब्लॉक दोन वेगळ्या पाकिटांत, दोन वेगळ्या दिवशी. एक हरवलं तरी दुसरं हाती राहतं.

प्रवास करणं शक्य नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेल्या, ‘नव्या’ (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेतून उपचाराबद्दल लेखी मत मिळतं. ते कागदांवरचं मत आहे, काच पाहून दिलेलं नाही, हा फरक लक्षात ठेवून घ्यावं. फेरतपासाला पाचपैकी पाच.

शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा मार्कर

निदान पक्कं झाल्यावर मार्करचं काम संपत नाही. हाताला न लागणाऱ्या लिंफ ग्रंथींमध्येही, साधारण तीनपैकी एका रुग्णात, सेंटिनल नोड बायोप्सीत, म्हणजे गाठीकडचा लिंफ पहिल्यांदा जिथे पोचतो ती ग्रंथी काढून तपासल्यावर, रोग सापडतो. ही बायोप्सी मोठ्या छेदाच्या आधी किंवा त्याच वेळी व्हायला हवी, कारण १ ते २ सेंटिमीटरची कड घेऊन गाठ एकदा काढली की तिथले लिंफचे मार्ग बदलतात. आणि काढलेली ग्रंथी नुसती एच अँड ईवर बघणं पुरत नाही. मर्केलच्या एकट्या-दुकट्या पेशी लिंफच्या पेशींसारख्याच दिसतात आणि त्यांच्यात हरवून जातात. ग्रंथीचे अनेक पातळ्यांवर काप आणि प्रत्येकावर सीके२० किंवा पॅन-सायटोकेराटिन, असं लेखी मागा. मूळ गाठ सीके२० निगेटिव्ह असेल तर ग्रंथीवर सीके२० लावणं फुकट, तिथे पॅन-सायटोकेराटिन. ही एक ओळ फॉर्मवर नसल्यामुळे ‘ग्रंथी स्वच्छ’ असा रिपोर्ट येऊन रेडिएशन टळू शकतं, आणि हा आजार रेडिएशनला फार चांगला दबतो. ५० ते ६६ ग्रेच्या (रेडिएशन मोजण्याचं एकक) दरम्यानचा डोस, जागा आणि कडा पाहून, नेहमी दिला जातो.

उपचार ठरवायला म्हणून काही मार्कर विकले जातात, त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पीडी-एल१ ची चाचणी महाग आहे आणि मर्केलमध्ये तिच्यावर निर्णय अवलंबून नाही. २०१६ मधल्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या पहिल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, रुग्णांची गाठ आकसली, आणि विषाणू असलेल्या व नसलेल्या दोन्ही गाठींनी प्रतिसाद दिला. अमेरिकेत मर्केलसाठी २०१७ मध्ये अव्हेलुमॅबला आणि २०१८ च्या डिसेंबरात पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी मिळाली, तीही पीडी-एल१ ची अट न घालता. भारतात पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब मिळतात. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिल्याचा उल्लेख बरेच नातेवाईक आशेने करतात. तो अभ्यास डोकं-मानेच्या कॅन्सरचा होता. मर्केलला तो जसाच्या तसा लावता येत नाही, ऑन्कोलॉजिस्टशी मोकळेपणाने बोलून ठरवावं. सीडी११७ मर्केलमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो आणि मग कुणी त्याला अडवणारं औषध इमॅटिनिब सुचवतं. ते करून पाहिलं गेलं आहे, फायदा झाला नाही. पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा केआय-६७ जास्तच येणार, त्याने उपचार बदलत नाही.

रक्ताच्या चाचण्या

सुरुवातीच्या पॅकेजकडे परत. एस१००बी मेलानोमासाठी, सीईए आतड्यासाठी, सीए १२५ अंडाशयासाठी. मर्केलशी त्यांचा संबंध नाही. उलट यातला एखादा आकडा किंचित वाढलेला आला की घरचे घाबरतात, पोटाचा सीटी, दुर्बिणीने तपासणी, पंधरा दिवस आणि बरेच पैसे त्यात जातात, आणि तेवढ्यात त्वचेवरची गाठ वाढत राहते. शून्य गुण, आणि हे आम्ही रागाने नाही, काळजीने म्हणतो.

एनएसई आणि क्रोमोग्रॅनिन ए ही दोन नावं मात्र मर्केलच्या संदर्भात ऐकायला मिळतात, कारण गाठीचा स्वभाव न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे मज्जातंतू आणि संप्रेरकांच्या पेशींसारखा, आहे. निदानाला ती चालत नाहीत. रोग पसरलेला असेल तर एनएसईचा आलेख उपचाराबरोबर खाली-वर होतो, एवढाच उपयोग. पण एनएसईचा नमुना सांभाळणं अवघड. लाल पेशी आणि प्लेटलेट दोन्हींत एनएसई असतं. रक्त थोडं जरी फुटलं तरी आकडा खोटाच चढतो. गोत्रीत घरी घेतलेलं रक्त स्कूटरच्या पेटीत आणखी चार घरं फिरून तीन तासांनी लॅबमध्ये पोचलं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, तासाभरात सीरम वेगळं करायला सांगा आणि रिपोर्टात ‘हिमोलिसिस’, म्हणजे लाल पेशी फुटल्याबद्दल, काही लिहिलंय का ते वाचा. क्रोमोग्रॅनिनला पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या रोजच्या गोळ्या चढवतात, मूत्रपिंड कमी चालत असेल तरीही तो चढतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे थांबवल्याशिवाय ही चाचणी व्यर्थ. केसांसाठी जास्त डोसचं बायोटिन घेणाऱ्यांनी ते आधी सांगावं, काही यंत्रांवरचे आकडे त्याने बिघडतात. आणि दर वेळी तीच लॅब, तोच किट. दोन लॅबचे आकडे शेजारी मांडून ‘वाढलं’ म्हणता येत नाही.

मर्केलसाठी खरोखर बनलेली रक्ताची चाचणी वेगळीच आहे: विषाणूच्या कर्करोग घडवणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी, एमर्क नावाची, सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये होणारी. २०१७ मध्ये २१९ रुग्णांवरच्या अभ्यासात साधारण निम्मे पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका ४२ टक्क्यांनी कमी दिसला. उपचारानंतर टायटर, म्हणजे या अँटिबॉडीची पातळी, पडला पाहिजे. पुन्हा चढला तर स्कॅनला सुरुवात. पहिला नमुना निदानानंतर तीन महिन्यांच्या आत घ्यावा लागतो, नंतर निगेटिव्ह आलं तर ते मुळात निगेटिव्ह होते की उपचाराने झाले ते कळत नाही. बडोद्याहून हे रक्त तिकडे पाठवणं आज व्यवहारात बसत नाही, म्हणून ही चाचणी अमेरिकेत असलेल्या मुलाकडे आई-बाबा गेलेले असतील तेव्हाच विचारात घ्यावी. रक्तातला गाठीचा डीएनए मोजणाऱ्या चाचण्या, ज्यात आधी गाठीचं जनुक वाचून मग रक्तात तेच शोधतात, त्यांचा मर्केलमधला मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, १२५ रुग्णांचा, आणि तो उत्साहवर्धक आहे. खर्च मात्र दर तिमाहीला, त्यामुळे ही चाचणी सगळ्यांना घ्या म्हणणार नाही.

त्याऐवजी पहिली तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी त्वचेची आणि ग्रंथींची तपासणी, आणि गरजेप्रमाणे स्कॅन. साधारण ४० टक्के रुग्णांत आजार परत येतो, आणि येतो तेव्हा बहुतेक वेळा याच तीन वर्षांत. त्या वेळी नव्या गाठीची तुलना जुन्या काचांशी करावी लागते, आणि डीएनएची चाचणी करायची ठरली तर जुनाच तुकडा लागतो. म्हणून अहमदाबाद-मुंबईहून मत आल्यावर ब्लॉक परत मागून घ्या, मूळ लॅबमध्ये जमा करा आणि जमा केल्याची पावती, ब्लॉक नंबरसकट, फाइलीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.